निखळ लोखंडातली निखळण

प्रश्न असा आहे: पदविकेच्या मुलांसाठी धातुशास्त्राचा एक धडा मराठीत आणताना 'अशुद्ध अणू विस्थापनांना जखडतात' असं वाक्य लिहिलं गेलं. ते बरोबर आहे का? आणि 'डिसलोकेशन'ला 'विस्थापन'ऐवजी 'निखळण' म्हटलेलं चालेल का?

नुसतं चालेलच नाही, मला तोच शब्द हवा आहे. 'विस्थापन' शाळेपासून वेगळ्या कामाला जुंपलेला आहे. वस्तू मूळ जागेपासून किती सरकली ते विस्थापन, आणि धरणाखाली गाव गेलं की माणसं विस्थापित. मुलगा हा शब्द वाचून एखादा अणू उठून दुसरीकडे गेला असंच समजेल. इथे तसं काही होत नाही. स्फटिकात अणूंचे थर एकाशेजारी एक उभे असतात आणि त्यातला एखादा अर्ध्यातच संपतो. तो जिथे संपतो त्या कडेची अख्खी ओळ आपल्या जोडीदारांपासून सुटलेली असते. खांदा निखळतो तेव्हा हाड शाबूत असतं, फक्त खोबणीतून सुटतं, तसंच हे. घसरणेवरून घसरण, लागणेवरून लागण, तशी निखळणेवरून निखळण. धातू वाकतो तो ही ओळ एकेक पाऊल पुढे सरकत गेल्यामुळे, हे १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं.

आता 'अशुद्ध अणू'. हा शब्द मात्र काढाच. लोखंडात शिरलेला कार्बनचा अणू स्वतः अशुद्ध नसतो, तो पुरता कार्बनच असतो. अशुद्धी असली तर ती लोखंडाची. मी 'उपरा अणू' म्हणेन. त्यात परकेपणा येतो, मळकेपणा येत नाही.

सोनारांचा 'हीण' हा शब्द जुना आणि नेमका आहे, पण तो मुद्दाम मिसळलेल्या धातूसाठी राखून ठेवावा. बावनकशी सोनं इतकं मऊ की त्याची बांगडी रोजच्या वापरात चेपते. म्हणून २२ कॅरटमध्ये दर हजार भागांत साधारण ९१६ भाग सोनं आणि बाकी हीण, बहुधा तांबं नि चांदी. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा बराच लहान, त्यामुळे आजूबाजूची रांग ताणली जाते आणि निखळणीला तिथून सरकणं जड जातं. चांदीचा अणू जवळजवळ सोन्याएवढाच, म्हणून तिच्याने सोनं तितकं कठीण होत नाही.

लोखंडातली गोष्ट याहून सुरेख आहे. कार्बनचा अणू लहान, तो लोखंडाच्या अणूंमधल्या फटीत बसतो. पण फट त्याहूनही लहान, म्हणून तो शेजाऱ्यांना रेटत राहतो. निखळणीच्या एका बाजूला रांगा दाबलेल्या असतात, दुसऱ्या बाजूला ताणलेल्या. ताणलेल्या बाजूला जागा मिळते, म्हणून कार्बनचे आणि नायट्रोजनचे अणू हळूहळू तिथे जमतात. कॉट्रेल आणि बिल्बी या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये याचं गणित मांडलं. या जमावाला इंग्रजीत कॉट्रेलचं 'ॲटमॉस्फिअर' म्हणतात. त्याचं 'वातावरण' करू नका. आपल्याकडे 'गराडा' आहे, आणि गराडा पडलेल्या माणसाला सहज हलता येत नाही, हेही त्या शब्दातच आलं.

या गराड्याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. मऊ पोलादाचा पत्रा साच्यात दाबला की कधीकधी त्यावर ज्वाळांसारखे पट्टे उमटतात. बोट फिरवलं तर उंचसखलपणा कळतो. मराठीत याला 'वळ' म्हणावं, छडीचे उमटतात तसे. जिथली निखळण गराड्यातून सुटली तिथला पत्रा एकदम ताणला जातो, शेजारचा तसाच राहतो. म्हणून कारखान्यात पत्रा आधी रुळांखालून हलकासा, जेमतेम एक टक्का दाबून काढतात. त्याने निखळणी मोकळ्या होतात. पण तोच पत्रा काही महिने गोदामात पडून राहिला तर उपरे अणू पुन्हा जमतात आणि वळ परत येतात. पोलाद असं म्हातारं होतं, याला 'जरठणे' हा शब्द मला फार शोभून दिसतो.

उपरे अणू निखळणीला असं अडवून धरतात, त्याला इंग्रजीत 'पिनिंग' म्हणतात. त्यासाठी 'जखडणे' चुकीचं नाही, पण 'खीळ घालणे' अधिक जवळचं आहे. जखडलेलं सुटत नाही. खीळ जोर लावला की निघते, आणि इथेही पुरेसा ताण दिला की निखळण सुटते. म्हणजे धड्यातलं वाक्य असं होईल: 'उपरे अणू निखळणीभोवती गराडा घालतात आणि तिला खीळ घालतात.' त्याच्या आधी 'निखळ लोखंडात निखळण मोकळी सरकते, म्हणून ते मऊ असतं' हेही लिहा. शुद्ध या अर्थाचा निखळ आणि सुटणं या अर्थाचं निखळणं एका ओळीत आले की मुलं ती ओळ विसरणार नाहीत.

धड्यात पुढे तांब्यातल्या बिस्मथ या धातूचं उदाहरण येणार असेल तर तिथे निखळण नको. ते उपरे अणू दोन स्फटिककणांच्या सीमेवर जाऊन बसतात आणि अगदी थोडे असले तरी तांबं ठिसूळ करतात. तिथे 'कणसीमा' म्हणा.