रिन्सच्या पाण्याला टीओसीची ५०० पीपीबी मर्यादा लावावी का?

आपण विचारले आहे की, औषधनिर्मितीचे उपकरण धुतल्यानंतरच्या शेवटच्या पाण्याला (रिन्सला) टीओसीची, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बनची, ५०० पीपीबी मर्यादा लावावी का, आणि एचपीएलसीत (घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीत) औषधाचा अंश दिसत नसताना टीओसी जास्त का येतो.

५०० पीपीबी, म्हणजे लिटरमागे ०.५० मिलिग्रॅम कार्बन, ही यूएसपीने (अमेरिकी औषधसंहितेने) शुद्ध पाणी आणि इंजेक्शनचे पाणी यांच्यासाठी ठरवलेली मर्यादा आहे. उपकरणाची मर्यादा मात्र आधीच्या उत्पादनाचा किती अंश पुढच्या उत्पादनात चालेल, यावरून काढून कार्बनमध्ये बदलावी लागते. औषधाला लिटरमागे २ मिलिग्रॅमची मुभा असेल आणि त्याच्या रेणूत वजनाने ६० टक्के कार्बन असेल, तर ती १,२०० पीपीबी होते. उलट औषध अतिप्रभावी असेल, तर ५०० पीपीबीसुद्धा धोकादायकरीत्या सैल ठरू शकते. म्हणून तो आकडा तसाच उचलण्यास माझा ठाम विरोध आहे.

टीओसी रेणू ओळखत नाही, फक्त कार्बन मोजतो. डिटर्जंट, सहायक घटक, अल्कलीने धुताना औषधाचे झालेले विघटन, हे सारे त्यात येते आणि एचपीएलसीच्या आलेखातील औषधाच्या ठरावीक पीकमध्ये (उंचवट्यात) दिसत नाही. त्यामुळे असा निकाल चूक समजून बाजूला सारू नये. ब्लँक, म्हणजे औषध नसलेल्या कोऱ्या नमुन्याचा कार्बन, वजा करून उरलेला सगळा कार्बन औषधाचाच आहे असे मी धरतो. तरीही तो मर्यादेत बसला, तर औषधापुरती शंका उरत नाही, डिटर्जंटची मर्यादा मात्र वेगळी पडताळावी लागते.

अर्थात, आधी ब्लँक तपासावा. एकदा आमचे स्वॅबचे (पृष्ठभाग पुसून घेतलेल्या नमुन्यांचे) निकाल कारण न कळता वर जात होते. शेवटी लक्षात आले की, नमुना घेणारा सहकारी हातमोज्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून लगेच स्वॅब हाताळत होता आणि त्या अल्कोहोलचा कार्बन नमुन्यात येत होता. प्रयोगशाळेत सॉल्व्हंट उघडे असताना नमुन्याची बाटली झाकणाविना ठेवली, तरी असेच होते.

यंत्राच्या योग्यता चाचणीत सुक्रोज आणि १,४-बेंझोक्विनोन यांच्या प्रतिसादांचे गुणोत्तर ८५ ते ११५ टक्क्यांत आले, तरी आपले औषध यंत्रात पूर्ण ऑक्सिडाइझ होऊन त्याचा सगळा कार्बन मोजला जातो, असे सिद्ध होत नाही. पाण्यात न विरघळणारे औषध तर पोलादाला चिकटूनच राहते आणि रिन्स फसवा स्वच्छ दिसतो. त्यासाठी पोलादी पट्टीवर औषधाची ज्ञात मात्रा वाळवून, स्वॅबने उचलून रिकव्हरी (त्यातले किती परत मिळाले ते प्रमाण) काढावी आणि ती पुरेशी व स्थिर आली, तरच त्या औषधासाठी टीओसी वापरावा.