‘मुलगा असून टायपिंग?’

प्रश्न: मुलगा बी.कॉम., ५८ टक्के. भंवरकुआंला दोन वर्षं बँक पीओचा (बँक अधिकारी भरतीचा) क्लास केला, पण प्रिलिम्स निघत नाही. गेले काही महिने सियागंजात माझ्या भावाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसतो आणि म्हणतो, मला हेच ऑफिसचं काम नीट शिकायचंय. मुलगा असून टायपिंग करणार? आमच्याकडे कुणी बाबूगिरी केलेली नाही. लोकांना काय सांगू? आणखी एक वर्ष क्लास लावावा का? की पुण्याच्या भाचीसारखं एमएस-सीआयटी करून निदान सरकारी बाबू होईल?
– एक आई, रामबाग, इंदूर (पत्र थोडक्यात दिलंय)

ताई, तुमच्या पत्रात ‘लोक’ जितक्यांदा आलेत, तितक्यांदा मुलगा आलेला नाही. मला काळजी वाटते ती त्याचीच, ५८ टक्क्यांची नाही. शिवाय तुमच्याच दोन वाक्यांची भांडणं आहेत. घराण्यात बाबूगिरी नको, पण सरकारी असली तर चालेल. म्हणजे अडचण कामाची नाहीच, लग्नाकार्यात ‘काय करतो?’ला द्यायच्या उत्तराची आहे. होळकरांच्या दफ्तरात लेखणी चालवूनच आपली कितीतरी मराठी घरं इंदुरात रुजली, आणि तेव्हा ती पुरुषांचीच मक्तेदारी होती. टायपिंग बायकांचं कधीपासून झालं?

तिसरं वर्ष क्लासला देऊ नका. ज्याला त्या परीक्षेत रस उरलेला नाही त्याची फी भरणं म्हणजे क्लासवाल्याला देणगी. बारावीवर होणारी सीएचएसएल, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) कारकुनी भरतीची परीक्षा, त्याला हवी असेल तर तो नोकरी सांभाळून देईल. हवी असेल तर.

आता एमएस-सीआयटी. महाराष्ट्र सोडून आलेला जवळपास प्रत्येक मराठी पालक मला हे विचारतो. ते महाराष्ट्राचं कम्प्युटरचं प्रमाणपत्र, तिथल्या सरकारी भरतीत त्याला किंमत आहे. मध्य प्रदेशात बाबूच्या आणि डेटा एन्ट्रीच्या जागांसाठी सीपीसीटी मागतात. तो कोर्स नव्हे, परीक्षा आहे. कम्प्युटरचे प्रश्न, इंग्रजी टायपिंग मिनिटाला ३० शब्द आणि हिंदी २०. घरी मराठी बोलतो म्हणून हिंदी टायपिंग आपोआप येईल, या भ्रमात राहू नका. लिपी एकच असली तरी तिथे रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट कीबोर्डवर बोटं बसवावी लागतात आणि त्याला काही महिने जातात. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून हिंदी उमटवायची सवय तिथे कामाची नाही. आणि पास झालं तरी हातात येतं ते स्कोअरकार्ड, नेमणूक नव्हे. भरती निघेल तेव्हा अर्ज करता येतो, एवढंच. पुण्याचं तिकीट काढू नका.

तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय. ‘तासन्तास बिल्ट्यांच्या (मालाच्या पावत्यांच्या) गठ्ठ्यात डोकं घालून बसतो. काय तर म्हणे, कोणत्या पार्टीचं भाडं किती दिवस अडकलंय ते मामाला एका शीटवर दिसावं.’ ताई, हे टायपिंग नाही. मोठ्या कंपन्यांत यालाच एमआयएस (निर्णयासाठी लागणारे आकड्यांचे अहवाल) म्हणतात आणि त्यासाठी वेगळी माणसं ठेवतात. नुसते आकडे भरण्याचं काम आता मशीन खातंय. मशीनने भरलेलं बरोबर आहे का, हे पाहणारा माणूस मात्र लागतोच.

त्याला शिकायचंय ते ‘एमएस ऑफिस, तीन महिने’ या पाटीखाली क्वचितच शिकवतात. एकच नमुना सांगते. एक्सेलमध्ये १६ आकडी खाते क्रमांक सरळ टाइप केला तर शेवटच्या अंकाचं शून्य होतं, कारण ते १५ आकड्यांपुढचं धरतच नाही. सुरुवातीचं शून्यही उडतं. नंतर फॉरमॅट बदलून काही परत येत नाही, रकाना आधीच टेक्स्ट करावा लागतो. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या हातून पेमेंटची यादी बँकेत जाते आणि मग ऑफिसभर शोधाशोध. पिव्होट टेबल (आकड्यांचा गोषवारा), एक्सलूकअप (यादीतून हवी ती नोंद शोधणं), वर्डमधला मेल मर्ज (एकच पत्र अनेक नावांनी काढणं), टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), आणि हिंदी-इंग्रजीत चार ओळींचं चोख पत्र, एवढं त्याने सहा महिन्यांत मनावर घेऊन केलं तर पुरे. ट्रान्सपोर्टमध्ये आहेच तर ई-वे बिलही (माल वाहून नेण्याची जीएसटीची ऑनलाइन पावती) पक्कं करू द्या. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ते लागतं, आणि वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत चढला तर त्यात गाडीचा नंबर बदलावा लागतो. हे रात्री अकराला फोनवर न गडबडता निस्तरणारा मुलगा कुठल्याही मालकाला हवा असतो.

पगार सुरुवातीला कमीच असतो, हे लपवत नाही.

आणि एक काम तुमच्याकडे. तो मामाकडे ‘घरचाच’ म्हणून बसतोय ना? पगाराचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. घरच्या माणसाचं फुकट काम पुढच्या इंटरव्ह्यूत अनुभव म्हणून कुणी धरत नाही. भावाला सांगा, नेमणुकीचं पत्र द्या, हुद्दा लिहा आणि दर महिन्याला पगार बँकेतून टाका, थोडा का असेना. भाऊ नाराज झाला तर होऊ दे. तो टाळाटाळ करू लागला, तर मुलाला पीथमपूर किंवा देवास नाक्याकडच्या कंपन्यांत अर्ज करू द्या.