जनावरांचा चारा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : धानाचं तणस जनावरं अर्धं खातात, अर्धं तुडवतात. युरिया लावून मुरवलं तर आवडीनं खातात म्हणे. पण युरियाचं पाणी पिऊन आमच्या गावात एक गाय मेली. मग तोच युरिया चाऱ्यात कसा चालतो?
– एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : तुमची भीती रास्त आहे, ती मनातून काढू नका. गायीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातल्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले म्हणजे कोठीपोटातले जंतू युरियाचा अमोनिया करतात आणि अमोनियापासून आपल्या अंगाचं प्रथिन बनवतात. हेच जंतू पुढे चौथ्या कप्प्यात पचतात, गायीला प्रथिन मिळतं ते तिथून. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन (रसायनशास्त्राचं नोबेल, १९४५) यांनी १९६०च्या दशकात गायींना प्रथिन जवळजवळ बंद करून युरिया आणि अमोनियम क्षारांवर ठेवलं, तरी गायी दूध देत राहिल्या. पण त्यांना हळूहळू सवय लावली होती आणि सोबत स्टार्च-साखर होती. जंतूंना वापरता येईल त्यापेक्षा वेगानं अमोनिया सुटला, की तो रक्तात जातो आणि जनावर दगावतं. तुमच्या गावच्या गायीचं तेच झालं असणार.

मुरवलेल्या तणसात बराचसा अमोनिया आधीच सुटून काडीत मुरलेला असतो. प्रमाण असं : १०० किलो वाळलेलं तणस, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. अंदाज नको, वजनकाटाच वापरा. युरिया ड्रममध्ये पूर्ण विरघळू द्या, तळाशी एक खडा उरता कामा नये. तणसाचा वीतभर थर पसरा, झारीनं द्रावण सारखं शिंपडा, पायानं दाबा, मग दुसरा थर. शेवटी ताडपत्रीनं झाकून कडा मातीनं लिंपा. २१ दिवस उघडू नका, थंडीत २८. उघडल्यावर तणस पिवळट-बदामी, मऊ आणि नाकाला झोंबणाऱ्या वासाचं हवं. पांढरी बुरशी दिसली म्हणजे कुठून तरी हवा शिरली. तेवढा भाग उकिरड्यावर टाका. वासच येत नसेल तर एक तर पाणी कमी पडलं किंवा झाकण सैल राहिलं.

रोज लागेल तेवढंच काढा, तास-दोन तास पसरून वास उडू द्या, मग गव्हाणीत टाका. पहिल्या दिवशी पाव भाग, बाकी साधं तणस. आठ-दहा दिवसांत पूर्ण. प्रथिन ३-४ टक्क्यांवरून ७-८ टक्क्यांपर्यंत जातं आणि काडीही सैल होऊन जास्त पचते. तरी दुभत्या जनावराची ढेप, खनिज मिश्रण बंद करू नका. सहा महिन्यांखालच्या वासरांना, घोड्या-गाढवांना हे अजिबात देऊ नका. आणि उरलेलं द्रावण लगेच खड्ड्यात ओता. अपघात बहुतेक त्या उघड्या ड्रमपाशीच होतात. जनावर थरथरू लागलं, तोंडाला फेस आला, पोट फुगलं तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा. व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी पोटात जायला हवं, पण ते नळीनं आणि त्यांच्याच हातून. झटके येत असताना तोंडातून काही पाजू नका.

प्रश्न : मुरवलेल्या चाऱ्यासोबत घरचं सोयाबीन भरडून दिलं तर?
– एक वाचक, ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : कच्चं नको. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर (एन्झाइम, म्हणजे युरिया फोडणारं प्रथिन) भरपूर असतं. चाऱ्यात राहिलेला युरिया ते एकदम फोडतं आणि अमोनियाचा लोंढा येतो. नीट भाजल्यावर विकर मरतं, तरीही हात आखडताच ठेवा, कारण त्यातलं तेल जास्त झालं तर तंतू पचवणारे जंतू सुस्तावतात. सोयाबीनचं कुटार मात्र खुशाल द्या. त्यात दाणे राहिले असतील तर चाळून घ्या.

प्रश्न : चारा पोटात किती पचला, हे शास्त्रज्ञ कसं मोजतात?
– कृषी विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : गायीच्या कुशीत शस्त्रक्रियेनं छिद्र करून झाकण बसवलेलं असतं. दळलेल्या चाऱ्याचे काही ग्रॅम बारीक विणीच्या नायलॉन पिशवीत भरून त्यातून कोठीपोटात सोडतात. ६, १२, २४, ४८ तासांनी एकेक पिशवी काढून धुतात, वाळवतात, वजन करतात. घटलं तेवढं पचलं. दुसरी पद्धत टिली आणि टेरी यांची, १९६३ची : काचेच्या नळीत कोठीपोटातल्या रसासोबत ४८ तास, मग आम्ल आणि पेप्सिन (प्रथिन पचवणारं जठरातलं विकर) यांच्यात ४८ तास.

गोठ्यात यातलं काही नसलं तरी पिठाची चाळणी असते. मूठभर ताजं शेण त्यात घेऊन नळाखाली धुवा. बोटाच्या पेरापेक्षा लांब काड्या पुष्कळ दिसल्या तर रवंथ आणि जंतूंचं काम अपुरं पडतंय. अख्खे दाणे दिसले तर भरडा आणखी बारीक करा.