सातवी-आठवीच्या मुलांना चार तासिकांत चीनची ओळख कशी करून द्यावी?

तुम्ही लिहिलंय की शाळेत ‘जगाची ओळख’ सप्ताह आहे, तुमच्या वर्गाच्या वाट्याला चीन आलाय आणि हाताशी चार तासिका आहेत. पुढे विचारलंय, ‘मुलांना वेष कुठले द्यावेत, खायला काय ठेवावं आणि इतिहास किती घ्यावा?’ वेष आधी आणि इतिहास शेवटी. मी पुण्यात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. नेमक्या याच क्रमावरून माझं एका सहकारी बाईंशी वाजलं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही, म्हणून एवढं लांब लिहिते आहे.

वेष देऊ नका. एकही देऊ नका.

२०२० सालची गोष्ट. २५ जानेवारीला चिनी नवं वर्ष सुरू झालं होतं, उंदराचं वर्ष. आमच्या शाळेत त्याच आठवड्यात ‘चीन दिवस’ ठरला. कार्यक्रम सांस्कृतिक विभागाकडे होता, माझ्याकडे नव्हता. हॉलमध्ये लाल कंदील लावले, मंचुरियन आणि नूडल्सचा स्टॉल लावला. मुलांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोकदार टोप्या, ओठांवर पेन्सिलीने काढलेल्या लोंबत्या मिशा. आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांना सेलोटेप लावून डोळे मागे ताणलेले. मी विंगेत उभी होते, ती टेप लावताना पाहत होते. एका मुलाच्या डोळ्याला पाणी आलं, तरी तो हसत होता, कारण सगळे हसत होते.

सातवीत एक मुलगी होती, मणिपूरची. वडील लष्करात, बदली होऊन खडकीला आलेले. तिला पिवळा सॅटिनचा झगा घालून मधल्या खुर्चीत बसवलं. ती चीनची राजकन्या. मेकअपवाल्या ताईंनी विचारलं, हिला काय करायचं? आमच्या बाई म्हणाल्या, ‘हिला काही करायलाच नको.’ मुलगी ते ऐकत होती. मीही ऐकत होते, आणि विभाग माझा नाही म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात ‘चिनी’ झाली. तिचे वडील भारताच्या सैन्यात होते, हे तिच्या बाकावरच्या मुलीलाही ठाऊक होतं, तरी. फेब्रुवारीत ते नाव व्हरांड्याभर पसरलं. पुढे बातम्या येऊ लागल्या आणि मार्चमध्ये पुण्यात पहिले रुग्ण सापडले, तेव्हा त्याचं ‘कोरोना’ झालं. ती डबा एकटी खाऊ लागली. हात वर करणं तर तिनं त्याआधीच सोडलं होतं.

शाळा बंद व्हायच्या दोन-तीन दिवस आधी मला त्या वर्गावर बदली तास मिळाला. काही न सांगता मी फळ्यावर एक चिन्ह काढलं: एक आडवी रेघ, तिला छेदणारी उभी, आणि मधून खाली डावीउजवीकडे दोन फाटे. हे काय? कुणी म्हणालं फुली, कुणी म्हणालं पतंग. मग एक मुलगा म्हणाला, झाड. बरोबर, ‘मू’ म्हणजे झाड. शेजारी तसंच दुसरं काढलं. दोन झाडं म्हणजे? ‘लिन’, झाडी. वर एक आणि खाली दोन, अशी तीन काढली, तर ‘सन’, घनदाट जंगल. मग सूर्याचं चौकोनी चिन्ह आणि त्याला लागून चंद्राचं, दोन्ही मिळून ‘मिंग’, म्हणजे उजेड, लखलखीत. आता तर मुलं माझ्या आधी ओरडायला लागली होती. पुढे मिंग घराणं आलं की ते नाव या मुलांना पाठ करावं लागत नाही. चीनच्या भिंतीचा जो भाग आपण चित्रांत पाहतो तो बहुतेक त्या मिंग राजवटीत बांधलेला आहे, हे मग एका वाक्यात सांगून होतं.

तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, ‘मॅडम, हिला विचारा ना, हिला येत असेल.’ वर्ग हसला. मी त्याला काही बोलणार तोच ती उठली, फळ्यापाशी आली आणि माझ्या हातातला खडू घेतला. तिनं वेगळीच अक्षरं काढली. म्हणाली, ‘ही चिनी नाही. ही आमची लिपी.’ मैतेई मयेक. त्या लिपीत अक्षरांची नावं शरीराच्या अवयवांवरून आहेत. क म्हणजे ‘कोक’, डोकं. स म्हणजे ‘सम’, केस. ल म्हणजे ‘लाई’, कपाळ. म म्हणजे ‘मित’, डोळा. ती एकेक अक्षर काढत होती आणि स्वतःच्या डोक्याला, केसांना, कपाळाला बोट लावून दाखवत होती. डोळ्याला बोट लावलं तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही. मग तोच मागचा मुलगा म्हणाला, ‘आणि न म्हणजे नाक!’ ती म्हणाली, ‘नाही, ‘ना’ म्हणजे कान.’ आता सगळे हसले, पण तीही हसली.

त्या फळ्यावर देवनागरीत तारीख होती, चिनी झाडं होती आणि मैतेई डोळा होता. मी तो पुसू दिला नाही. दोन दिवसांनी शाळाच बंद झाली.

आमच्या बाईंचं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि परवा एका लग्नात भेटल्या तेव्हाही हेच: ‘तुम्ही सगळ्याचा इतिहास करता. मुलांना मजा आली, पालकांना फोटो मिळाले, यापेक्षा वेगळी ओळख कसली?’ मजा कुठल्या मुलांना आली, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. लग्नात विचारलं. त्यांनी विषय बदलला. आणि मजेचंच म्हणाल तर तीन झाडांनाही आलीच की. त्या वर्गातली मुलं आता कॉलेजात आहेत, दिसली की विचारतात, ‘मॅडम, तीन झाडं म्हणजे सन ना?’ टोप्यांची आठवण कुणी काढत नाही.

तर तुमच्या चार तासिका. पहिली लिपीला द्या, वर सांगितली तशी. वेळ उरला तर चहाचा शब्द घ्या. चीनमध्ये एकाच पेयाला बहुतेक ठिकाणी ‘चा’ म्हणतात आणि आग्नेय किनाऱ्यावर फूच्यानमध्ये ‘ते’. जिथं खुष्कीच्या मार्गाने गेला तिथं ‘चा’ गेला, आपला चहा त्याच घरातला. डच जहाजांतून युरोपला गेला तिथं ‘ते’ गेला, त्याचा ‘टी’ झाला.

दुसरी पंचांगाला. ही कुणी घेत नाही आणि इथं आपल्या मुलांइतकी तयार मुलं जगात दुसरी नसतील. चिनी लोकांचे सणवारही चांद्र महिन्यांवर चालतात, म्हणजे त्यांनाही ऋतूंशी मेळ घालायला अधिक महिना लागतो. आपल्याकडे ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. त्यांच्याकडे सूर्याच्या मार्गाचे चोवीस टप्पे आहेत, त्यातले बारा मुख्य, आणि ज्या महिन्यात एकही मुख्य टप्पा येत नाही तो अधिक. युक्ती तीच. टप्पे मोजायची सुरुवात वेगळी, म्हणून महिने जुळत नाहीत. २०२३ मध्ये आपला श्रावण दोनदा आला, त्यांचा दुसरा महिना दोनदा आला. त्यांचं नवं वर्ष बहुतेक आपल्या पौष अमावास्येच्या आसपास का पडतं, हे मुलांना कॅलेंडर हातात देऊन स्वतः शोधू द्या. शरदातल्या पौर्णिमेला तेही चंद्र बघत बसतात, बहुतेक आपल्या कोजागिरीच्या एक पौर्णिमा आधी. त्यांनाही चंद्रावर ससाच दिसतो, फक्त त्यांचा ससा खलबत्त्यात औषध कुटतो. चंद्राला आपण शशांक का म्हणतो, हे सातवीतल्या निम्म्या मुलांना ठाऊक नसतं. ते त्यांना चीनच्या तासाला कळलं तर कळू दे.

तिसरी युआन श्वांगला, म्हणजे जुन्या पुस्तकांतल्या ह्युएनत्संगला. पण ‘चिनी प्रवासी भारतात आला’ एवढ्यावर सोडू नका. परदेशी जायला बादशहाची बंदी असताना हा भिक्षू चोरून निघाला. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला, तेव्हा इथं दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इथल्या माणसांबद्दल त्यानं लिहिलंय की ही साधी आणि प्रामाणिक आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही सोडत नाहीत. सूड घ्यायचा असेल तर आधी शत्रूला कळवतात आणि मग चालून जातात. लढाई हरलेल्या सेनापतीला दुसरी शिक्षा नाही, बायकांचे कपडे पाठवतात. हे मोठ्याने वाचून दाखवा आणि वर्गाकडे बघा. (कपड्यांच्या त्या वाक्यावर मुली आक्षेप घेतील. घेऊ द्या, माझ्या वर्गात त्यावर अर्धा तास भांडण चाललं.) कड्यात कोरलेल्या ज्या मोठ्या विहाराचं तो वर्णन करतो ते अजिंठ्याचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ६४५ मध्ये तो परत पोचला तो ६५७ ग्रंथ घेऊन, आणि उरलेली जवळजवळ वीस वर्षं भाषांतरं करत बसला. आपल्याकडे मूळ संस्कृतात नष्ट झालेले कितीतरी बौद्ध ग्रंथ आज चिनी भाषांतरात वाचायला मिळतात. आपलं हरवलेलं त्यांनी जपून ठेवलं, हे मुलांना कळायला हवं, आणि शिक्षकांनाही.

चौथी अफूला द्या असं मी म्हणेन, आणि इथं तुमचे मुख्याध्यापक बिचकतील. ब्रिटिशांना चिनी चहा हवा होता आणि बदल्यात द्यायला चीनला हवं असं त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. मग अफू. ती इंग्लंडात पिकत नव्हती, बिहारात आणि माळव्यात पिकत होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची, आणि मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांची मोठी कमाई तिच्यातून झाली. जमशेटजी जीजीभॉयसुद्धा त्यातलेच, ज्यांच्या देणगीतून जे.जे. रुग्णालय उभं राहिलं. १८३९ मध्ये लिन झश्यू या अधिकाऱ्यानं वीस हजारांवर पेट्या अफू हुमेनला नष्ट केली, त्यावरून युद्ध झालं, आणि १८४२ च्या नानकिंग तहात हाँगकाँग गेलं. मुलं विचारतील, ‘म्हणजे आपण वाईट होतो का?’ घाईनं उत्तर देऊ नका. मी सोलापूरची आहे, मी त्यांना लगेच डॉक्टर कोटणीसांकडे नेते. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनकडे भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला ते तिथंच गेले, वय बत्तीस. ज्या बंदरातून अफू गेली, शंभर वर्षांनी त्याच बंदरातून हे डॉक्टर निघाले.

चार तासिकांत पहिला सम्राट छिन शिहुआंग याचं मातीचं सैन्य, कागद, छपाई, दर्यावर्दी चंग ह याची जहाजं यातलं काहीच बसलं नाही, हे मला दिसतंय. ते मुलांना पुस्तकात सापडेल. भिंत चंद्रावरून दिसते, हे मात्र कुणी म्हटलं तर तिथंच थांबवा. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आला, त्यालाही ती दिसली नाही.

आता पालकांचं. २०२० च्या जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान गेले, त्यानंतर एका पालकांनी मला फोन करून विचारलं, चीन शिकवायचाच कशाला? माझं उत्तर आजही तेच आहे. एवढी लांब सीमा ज्याच्याशी लागून आहे त्या शेजाऱ्याबद्दल मंचुरियनपलीकडे काही ठाऊक नसणं आपल्याला परवडणारं नाही. आणि मंचुरियनसुद्धा मुंबईचं आहे. आठवीला १९६२ जरूर शिकवा, पूर्ण शिकवा. आपल्याच देशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चिनी वंशाच्या कुटुंबांना तेव्हा उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं, तेही त्यात आलं पाहिजे. चेहऱ्यावरून माणूस ठरवला की काय होतं, हे आमच्या त्या वर्गाला सांगायला मला वेळ मिळाला नाही. त्या मुलीच्या वडिलांची त्याच वर्षी बदली झाली.

एक सांगायला हवं. आमच्या त्या बाई मनाने वाईट नाहीत. ते कंदील त्यांनी रात्री आठ-आठपर्यंत शाळेत बसून स्वतः चिकटवले होते, आणि कंदील सुंदरच होते. तुम्हीही कंदील लावा, पहिली-दुसरीला तर लावाच. अबॅकसच्या क्लासला जाणारी मुलं वर्गात असतीलच, त्यांना ते घेऊन यायला सांगा. त्यांचं जपानी धाटणीचं असतं, वर एक मणी आणि खाली चार. ज्याच्यावरून ते आलं त्या चिनी सुआनफानला वर दोन आणि खाली पाच. जास्तीचे मणी कशाला, यावर एक तास सहज जातो.

आणि झाड फळ्यावर काढताना आधी आडवी रेघ, मग उभी, मग डावा फाटा, शेवटी उजवा. चिनी मुलांना हा क्रम पहिल्या दिवसापासून गिरवायला लावतात, तेव्हा तुमच्या मुलांनाही त्याच क्रमानं गिरवू द्या.