नेब्रास्काचे एक मत वेगळे का गेले?

प्रश्न : २०२४ मध्ये नेब्रास्का राज्य ट्रम्प यांनी जिंकले. मग तिथले एक इलेक्टोरल मत कमला हॅरिस यांना कसे मिळाले? (वाचक, सांगली)

उत्तर : अमेरिकेचा अध्यक्ष थेट जनता निवडत नाही, तर राज्याराज्यांतून नेमलेले इलेक्टर (निर्वाचक) निवडतात; त्यांचे मत म्हणजे इलेक्टोरल मत. इलेक्टर कसे नेमायचे, हे अमेरिकेच्या राज्यघटनेने प्रत्येक राज्याच्या विधिमंडळावर सोपवले आहे. ४८ राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत ज्याची मते जास्त, त्याच्या पदरात सगळे इलेक्टर पडतात. मेन (१९७२ पासून) आणि नेब्रास्का (१९९२ पासून) यांची वाटणी वेगळी आहे.

राज्याचे इलेक्टर म्हणजे प्रतिनिधिगृहातल्या (अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या) त्याच्या जागा अधिक सिनेटच्या २. नेब्रास्काचे ३ अधिक २, एकूण ५. तिथे त्याच मतपत्रिकांची बेरीज दोन प्रकारे मांडतात. राज्यभरात जो पुढे, त्याला सिनेटच्या वाट्याचे २. शिवाय प्रतिनिधिगृहाच्या प्रत्येक मतदारसंघात जो पुढे, त्याला तिथला १. ओमाहा शहराचा दुसरा मतदारसंघ हॅरिस यांच्याकडे गेला, बाकी दोन्ही ट्रम्प यांच्याकडे. म्हणून ४-१.

इथे एक गफलत हमखास होते. मतदारसंघाचा प्रतिनिधी कोणत्या पक्षाचा, याचा इलेक्टरशी काही संबंध नाही. याच ओमाहात त्याच दिवशी प्रतिनिधिगृहावर ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे डॉन बेकन निवडून आले. मोजायची ती फक्त अध्यक्षपदाची मते. वायोमिंगसारख्या एकाच जागेच्या राज्यात तर ही पद्धत आणली तरी काहीच बदलणार नाही, कारण अख्खे राज्य हाच मतदारसंघ.

प्रश्न : ही पद्धत जास्त न्याय्य नाही का? सगळी राज्ये ती का घेत नाहीत? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांच्या फरकाने २५ इलेक्टर बुश यांच्याकडे गेले. हे खटकते, खटकायलाच हवे. पण मतदारसंघांच्या सीमा बहुतेक राज्यांत विधिमंडळच आखते, आणि सत्ताधारी पक्ष त्या आपल्या सोयीने वळवतो. पेनसिल्व्हेनिया २०१२ चे उदाहरण घ्या. राज्य ओबामांनी जिंकले, पण १८ पैकी १३ मतदारसंघांत त्यांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी पुढे होते. नेब्रास्काची रीत लावली असती तर राज्य जिंकूनही ओबामांना २० पैकी ७ च मिळाले असते. देशभर ती असती, तर सुमारे ५० लाख मतांनी मागे असलेले रॉम्नीच अध्यक्ष झाले असते. रोगापेक्षा इलाज भयंकर! सीमा आखणे पक्षांच्या हातून काढल्याशिवाय ही पद्धत पसरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिवाय मोठ्या राज्याने एकट्यानेच वाटणी केली, तर त्याचे वजन घटते. कॅलिफोर्नियाचे ५४ एकगठ्ठा मिळत असताना तिथला प्रबळ पक्ष त्यातले काही विरोधकाला कशाला देईल?

प्रश्न : आपल्या राष्ट्रपती निवडणुकीतही राज्याची मते अशी एकगठ्ठा जातात का? (वाचक, पणजी)

उत्तर : नाही. महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५, गोव्यातल्या आमदाराचे २०, १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरलेले. प्रत्येक आमदार गुप्त मतदानाने स्वतःचे मत देतो आणि पक्षाला व्हिप काढता येत नाही.