पोळा झाल्यावर गेलो तर पक्षी दिसतील का?

प्रश्न : ताई, मुलगी नोकरीला डेन्मार्कमध्ये आहे. तिला आम्हा दोघांना आइसलँडजवळच्या ज्वालामुखीच्या बेटावर न्यायचं आहे. तिथं गाइड फिरवतो अन् रंगीत चोचीचे पक्षी दाखवतो म्हणे. मी म्हटलं, पोळा होऊ दे, निंदण-डवरण आटोपलं की निघू. तुम्ही तिथं जाऊन आलात म्हणून विचारतो. पक्षी दिसतील ना? माझे गुडघे दुखतात.
– एक कास्तकार वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुमचा पोळा होईस्तोवर ते पक्षी गेलेले असतात. पफिन एप्रिलमध्ये बेटावर येतो आणि ऑगस्टच्या मध्यानंतर निघतो. मग सगळा हिवाळा पाण्यावरच. जून-जुलैत तुम्ही वावर सोडणार नाही, हे मी कास्तकाराचीच लेक असल्यानं जाणते. म्हणून मेमध्ये जा. पेरणीला अवकाश असतो, आणि इकडे पारा 44वर असताना तिकडे स्वेटर घालून बसाल.

बेटाचं नाव हेमाए. पक्षी बेटाच्या दक्षिण टोकाला, स्टोरहोफ्दीच्या कड्यावर पाहा, तेही संध्याकाळी. दिवसा पुष्कळसे समुद्रावर असतात. पफिन आपल्या तितराएवढाच. घरटं बांधत नाही, धुऱ्यात उंदीर करतो तसं गवताखाली बीळ करतो आणि त्यात एकच अंडं. पिल्लू झालं की चोचीत पाच-सात मासे आडवे धरून आणतो, जशा काखेत पेंढ्या. उतरताना मात्र फजिती! माझ्यासमोर एक थेट तोंडावर आपटला, उठला आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघायला लागला. निदान मला तरी तसं वाटलं.

ज्वालामुखीची गोष्ट गाइड सांगेलच. 23 जानेवारी 1973च्या रात्री गावाला लागूनच जमीन फाटली. आदल्या दिवशीच्या वादळानं मासेमारीच्या बोटी बंदरातच थांबल्या होत्या, म्हणून सुमारे 5300 माणसं त्याच रात्री बाहेर निघाली. लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला, तेव्हा लोकांनी त्यावर समुद्राचं पाणी मारून त्याला थिजवलं. पेटलेल्या गंजीवर मारतात तसं, फक्त महिनोन् महिने. बंदर वाचलं, शेकडो घरं मात्र गेली. राखेतून उकरलेलं एक घर तिथल्या संग्रहालयात आहे. ते चुकवू नका.

त्या वेळी तयार झालेला डोंगर म्हणजे एल्डफेल. उंची 200 मीटरच्या आसपास, पण सगळा लाल मुरूम, पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. तुमच्या गुडघ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. बसची फेरी घ्या, पायथ्यापासून सगळं दिसतं. काळा दगड हातात घेतलात तर घरच्या विहिरीतलाच वाटेल. जातीनं तो बेसाल्टच, आपल्या काळ्या मातीचा बाप. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, तो तुमच्या मुलीहून थोडा मोठा.

पोळ्यानंतरच जमणार असेल, तर दुसरी गंमत आहे. त्या दिवसांत पिल्लं रात्री बिळातून निघतात आणि गावातल्या दिव्यांना भुलून रस्त्यावर उतरतात. पोरं खोके घेऊन हिंडतात, पिल्लं गोळा करतात आणि दुसऱ्या दिवशी कड्यावरून समुद्राकडे भिरकावतात.

जहाज लांडएयाहोफ्नहून सुटलं तर चाळीसेक मिनिटं. समुद्र खवळला तर दुसऱ्या बंदरातून नेतात, मग तीन तासांच्या जवळपास. माझी पाळी नेमकी त्याची होती. उलटीची गोळी चढायच्या आधी घ्या. आणि ठेचा-भाकरी नेलीत तरी जहाजात डबा उघडू नका.