महर्षी कर्वे यांचे मोठे काम कोणते मानावे, विधवाविवाह की स्त्रीशिक्षण?

माझ्या मते स्त्रीशिक्षण; मात्र त्याची वाट विधवाविवाहातूनच गेली. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड या कोकणातल्या गावच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुनर्विवाहाला धजावणाऱ्या विधवा थोड्या, पण शिकून स्वतःच्या पायावर उभे राहण्याची गरज सगळ्यांनाच, हे ओळखून त्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या झोपडीत गेला आणि फर्ग्युसन महाविद्यालयातले गणिताचे तास आटोपून कर्वे तिथवर पायी, पावसाळ्यात चिखल तुडवत, जात असत. याच कामातून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. भारतरत्न मात्र १९५८ मध्ये, ऐन शंभरीत मिळाले.